मोटार, मालक आणि कॅमेरा

इसवी सन १८८८ हे वर्ष यंत्रांच्या इतिहासात दोन घटनांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर शहरी जॉर्ज ईस्टमन याने ‘कोडॅक’ नावाचा एक लहानसा, पेटीवजा कॅमेरा विक्रीस काढला. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मॅनहाइम शहराहून बेर्टा बेंझ ही गृहिणी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून माहेरी जावयास निघाली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीच संबंध नव्हता. तथापि पुढे जो मनुष्य ‘हौशी मोटारमालक’ म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याचे दोन्ही छंद, म्हणजे गाडीची निगा राखणे आणि तिची छायाचित्रे काढणे, या एका वर्षापर्यंत मागे नेता येतात.

ईस्टमनचा कॅमेरा पंचवीस डॉलरांना मिळे. त्यात शंभर छायाचित्रे निघतील एवढी फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली, की मालकाने सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. कारखान्यातले लोक फिल्म काढीत, धूत, छापीत आणि दहा डॉलर घेऊन नवी फिल्म भरलेला कॅमेरा मालकाकडे परत धाडीत. मालकाने केवळ कळ दाबावी, बाकीचे सर्व आम्ही पाहून घेऊ, अशी त्याची जाहिरात होती. तोवर छायाचित्रण ही रसायने, काचा व काळोखी खोली यांच्यात गुंतलेली विद्या होती. ती विद्या ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती ईस्टमनने तिचे फळ ठेवले.

बेर्टा बेंझ हिचा अनुभव याच्या नेमका उलट होता. तिच्या यंत्राने तिला असे कोणतेच आश्वासन दिले नव्हते. कार्ल बेंझ याने १८८६ च्या जानेवारीत आपल्या मोटारीचे पेटंट मागितले होते. त्या उद्योगात बेर्टाच्या माहेरचा पैसाही गुंतला होता. परंतु लोक गाडी विकत घेत नव्हते. तेव्हा पतीला न कळविता, पंधरा आणि तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलांसह ती पहाटेच बाहेर पडली. माहेरचे गाव फोर्झहाइम हे त्या मार्गाने सुमारे १०६ किलोमीटर दूर होते. पेट्रोलचे पंप त्या काळी नव्हतेच. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने डाग काढण्याचे लिग्रोइन नावाचे द्रावण विकत घेऊन तेच इंधन म्हणून टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीची टाचणी काढून तिने ती मोकळी केली. विजेच्या तारेवरचे आवरण झिजले, तेव्हा पायमोज्याचा बंद गुंडाळून तिने तार झाकली. वाटेत एका लोहाराने साखळी सांधून दिली. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा एका चांभाराकडून तिने त्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. इंजिन थंड राखण्यासाठी ठिकठिकाणी पाणी ओतावे लागे. चढावर मुले खाली उतरून गाडी ढकलीत. संध्याकाळ होता होता तिघे फोर्झहाइमला पोहोचली आणि तेथून पतीला तार गेली.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून या हकीकतीचा उल्लेख नेहमी होतो. वस्तुतः ती मोटारीच्या देखभालीच्या इतिहासाचीही पहिली हकीकत आहे. परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही बेर्टाची सूचना कार्ल बेंझ याने मान्य केली. चाकाशी बसून, हात काळे करून जे तिला कळले होते, ते नकाशावरून कळण्याजोगे नव्हते. यंत्र कोणाचे, हा प्रश्न कायद्याने विचारला तर ते पेटंट घेणाऱ्याचे. पण त्या प्रवासाच्या अखेरीस ते बेर्टाचेही झाले होते.

मोटारीच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रत्येक मालकाला थोड्याफार फरकाने याच वाटेने जावे लागले. निघण्यापूर्वी वंगणाच्या वाट्यांत ग्रीस भरून त्यांची झाकणे एकेक फेरा आवळावयाची, तेलाची धार ठिबकते की नाही हे पाहावयाचे, रेडिएटरमध्ये पाणी भरावयाचे. दिवे असत ते कार्बाइडचे. खड्यांवर पाण्याचे थेंब पडून होणारा वायू त्यांत जळे, आणि ते दुसऱ्या दिवशी राख काढून साफ करावे लागत. पंक्चर हा अपघात नसून नित्याचा प्रसंग होता. इंजिन सुरू करावयाचे ते पुढच्या बाजूस हँडल मारून. त्यातही अंगठा हँडलच्या दुसऱ्या बाजूने वेढावयाचा नाही, बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, हा धडा प्रथम शिकावा लागे. कारण इंजिन उलटे फिरले तर हँडलच्या हिसक्याने मनगट मोडत असे. १९१२ साली चार्ल्स केटरिंग याने तयार केलेले विजेचे स्टार्टर कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आले, आणि तेव्हापासून ही भीती हळूहळू ओसरली.

ज्यांना हे कष्ट नको होते, ते ‘शोफर’ ठेवीत. हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ भट्टी तापविणारा, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा आगवाला असा आहे. वाफेच्या यंत्राजवळचा हा मनुष्य पेट्रोलच्या गाडीवर आला तरी त्याचे नाव बदलले नाही. नाव हलके होते, तथापि गाडीचे सारे मर्म त्याच्याच हाती होते.

आता कॅमेऱ्याकडे वळावयाचे. मोटारीवर प्रेम करणाऱ्या हौशी छायाचित्रकारांत झाक आंरी लार्तीग या फ्रेंच गृहस्थाचे स्थान फार वरचे आहे. त्याचा जन्म १८९४ चा. घरची श्रीमंती होती, वडिलांना छायाचित्रणाची आवड होती, आणि सात-आठ वर्षांच्या वयातच त्याच्या हाती कॅमेरा आला. थोरला भाऊ चाकांचे गाडे बनवी, उतारावरून सोडी, आणि धाकटा ते चित्रात धरी. घरात मोटारी आल्या, त्यांचीही चित्रे निघाली. शर्यती पाहावयास हा मुलगा रस्त्याच्या कडेला उभा राहू लागला.

त्याचे सर्वांत गाजलेले छायाचित्र अशाच एका शर्यतीतले आहे. सहा क्रमांकाची गाडी चौकटीतून बाहेर पडते आहे. तिचे मागचे चाक गोल न दिसता लंबगोल होऊन पुढे झुकले आहे, आणि रस्त्याच्या कडेचे प्रेक्षक व खांब उलट दिशेस कलले आहेत. हा चमत्कार त्या कॅमेऱ्याच्या पडद्याने घडविला. त्या जातीच्या कॅमेऱ्यात सबंध चित्र एका क्षणी उमटत नसे. काचेसमोरून एक अरुंद फट सरकत जाई आणि प्रकाश पट्ट्यापट्ट्याने आत येई. देखाव्याचा खालचा भाग प्रथम उमटला. वरचा भाग उमटेपर्यंत गाडी थोडी पुढे गेली होती, म्हणून चाक झुकले. लार्तीग गाडीबरोबर कॅमेराही फिरवीत होता, पण गाडीच्या वेगाला तो पुरा पडला नाही; आणि कॅमेरा फिरल्यामुळे स्थिर असलेली माणसे मात्र मागे कलली. गाडी चौकटीत पुरती मावली नाही म्हणून हे चित्र फसले असेच तरुण लार्तीगला वाटले होते. पुढे १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, आणि जगाला वेगाचे इतके जिवंत चित्र दुसरे आठवेना.

या चित्राची दुसरी कथा अधिक बोधप्रद आहे. पुष्कळ वर्षे ते १९१२ च्या दिएप येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतीचे आणि गाडी देलाज कंपनीची, असे छापले जात होते. लार्तीगच्या संग्रहातच तशी नोंद होती. परंतु जुन्या मोटारींच्या जाणकारांनी गाडीचा क्रमांक व बांधणी पडताळून पाहिली, त्या त्या शर्यतींच्या याद्यांशी ती ताडली, आणि ही गाडी देलाज नसून थिओडोर श्नायडर कंपनीची, व शर्यत १९१३ ची आमियांची असावी, असा निर्णय दिला. चित्र कलेच्या इतिहासकारांजवळ होते, त्याचे वय मात्र ज्यांना यंत्र ठाऊक होते त्यांनी सांगितले. कॅमेऱ्याच्या साक्षीला यंत्र जाणणाऱ्याच्या साक्षीची जोड मिळाल्याखेरीज ती पुरी होत नाही, हे यावरून दिसते. याच्या उलटही तितकेच खरे आहे, हे पुढे येईल.

हिंदुस्थानात मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. छायाचित्रण मात्र तिच्या कितीतरी आधी येऊन रुजले होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ तिच्या कार्यात होते. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असताना छायाचित्रणाकडे वळले, आणि पुढे सिकंदराबादेत चित्रशाळा काढून निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली निघालेल्या कलाभवनात यंत्रविद्या आणि निरनिराळे कलाव्यवसाय शिकविले जात. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे घेतले ते तेथेच. यंत्र आणि चित्र या दोन्ही विद्या एका छपराखाली नांदू शकतात, हे मराठी मुलखाला अशा रीतीने मोटार येण्यापूर्वीच ठाऊक झाले होते.

मोटारीच्या इतिहासात मराठी प्रदेशाचे नाव ठळकपणे येते ते १९०८ साली. त्याच्या आदल्या वर्षी रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या एका गाडीला रुपेरी रंग देऊन, ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नाव ठेवून, निरीक्षकांच्या देखरेखीखाली पंधरा हजार मैल चालविले होते. चाचणी संपताच गाडी खोलून तिचा प्रत्येक भाग तपासण्यात आला, आणि ती पुन्हा नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत अवघी दोन पौंड, दोन शिलिंग व सात पेन्स भरली. परंतु इंग्लंडचे रस्ते निराळे आणि सह्याद्रीचे घाट निराळे. म्हणून त्याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचे मोती, या नावाची गाडी मुंबईस आणण्यात आली आणि मुंबई-कोल्हापूर मार्गावरील ६२० मैलांच्या कसोटीत उतरविण्यात आली. घाटांची चढण, तापलेला फुफाटा आणि दगडगोट्यांची वाट यांतून ती यशस्वीपणे पार पडली. त्यानंतर ती विकत घेतली ग्वाल्हेरच्या महाराजांनी.

ग्वाल्हेरचे त्या वेळचे अधिपती माधवराव शिंदे यांना यंत्रांचे विलक्षण वेड होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर पाहुण्यांपुढून फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही प्रेक्षकांस दाखविली जाते. अशा राजाने गाडी निवडावी ती कोल्हापूरचे घाट चढून आलेली, यात रसिकता आणि व्यवहार दोन्ही होते. तिच्या मोलाचे प्रमाणपत्र धातूच्या चकाकीत नव्हते. ते घाटातल्या प्रत्येक वळणावर तिने मिळविले होते.

पुढच्या काळात संस्थानिकांच्या मोटारी हा जगाच्या कौतुकाचा विषय झाला. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीचा सांगाडा घेऊन त्यावर इंग्लंडच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून काळ्या व नारिंगी रंगाचे अंग चढवून घेतले. १९३० नंतरच्या दशकातील अत्यंत देखण्या गाड्यांत तिची गणना होते. हैदराबादेस सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली सिंहासनवजा आसनाची पिवळी रोल्स-रॉइस, ते १९११ साली निवर्तल्यानंतर तयार होऊन आली. ती मिरवणुकीपुरतीच बाहेर पडे, आणि तिच्या आयुष्यात ती फारच थोडे मैल चालली. पुढे तिचे पुनरुज्जीवन करावे लागले, आणि ती चौमहल्ला राजवाड्यात ठेवण्यात आली.

न चालविलेली गाडी नवीच राहावी, असा सामान्य माणसाचा समज असतो. तो खरा नाही. उभ्या गाडीचे रबर वाळून तडकते. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. इंजिनातले वंगण खाली निथळते व उघड्या पडलेल्या धातूवर गंज चढतो. ब्रेक जागीच धरतात, बॅटरी मरते, आसनांतल्या कापसात उंदीर घर करतात. यंत्राचे आयुष्य त्याच्या वापरात असते; मात्र तो वापर जाणत्याच्या हातचा हवा. ग्वाल्हेरकरांच्या गाडीने घाट चढून कीर्ती मिळविली, आणि हैदराबादची गाडी उभी राहून दुरुस्तीस आली. या दोन टोकांमध्ये मोटारीच्या निगेचे सगळे शास्त्र सामावलेले आहे.

राजेरजवाड्यांपलीकडचा जो सामान्य मालक, त्याला गाडी दिली ती हेन्री फोर्डने. १९०८ ते १९२७ या काळात त्याच्या ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. मालकासाठी फोर्डने जी पुस्तिका काढली, तिची रचना प्रश्नोत्तरांची होती. गाडी सुरू होत नसेल तर काय पाहावे, तेल केव्हा बदलावे, झडपा कशा घासाव्यात, अशा प्रश्नांना तीत सरळ उत्तरे होती. गाडी दुरुस्त करणे हे मालकाचे कामच आहे, असे तीत गृहीत धरलेले होते. शेतकऱ्यांनी या गाडीच्या मागच्या चाकाला पट्टा लावून लाकूड कापले आणि पाणी उपसले. ईस्टमनने मालकाला कॅमेऱ्यातल्या कामातून मोकळे केले. फोर्डने मालकाला गाडीच्या कामात ओढले. दोघांनाही सामान्य माणसापर्यंतच पोहोचावयाचे होते, वाटा मात्र अगदी भिन्न होत्या.

आपल्याकडे सामान्य मालकाचा खरा काळ सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतर. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन जातीच्या आणि पुढे फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच फियाटला पुढे ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून हाती आलेली गाडी पंधरा-वीस वर्षे टिकविणे भागच होते. सुटे भाग जपून ठेवले जात. कोपऱ्यावरचा मिस्त्री कुटुंबाच्या वैद्याइतकाच मानाचा होई. रविवारी सकाळी गाडी धुणे, बॉनेट उघडून पाणी व तेल पाहणे, प्लग काढून काजळी खरवडणे, हा कित्येक घरांचा कुळाचार होता. आणि गाडी घरी आली त्या दिवशी हार घालून, नारळ फोडून, सबंध कुटुंब तिच्यापुढे उभे करून काढलेले छायाचित्र हे लग्नाच्या छायाचित्राशेजारी चिकटविले जाई. मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादेमुळे बंद झाली, तेव्हा अनेकांनी अखेरची छायाचित्रे काढून घेतली. ज्यांनी तिच्या इंजिनाचा कानोसा घेण्यात आयुष्य घालविले, त्यांच्याजवळ मात्र छायाचित्रात न मावणारे बरेच काही होते.

जुनी मोटार जपणे हा कुणा एकाचा नाद न राहता चळवळ झाला तो इंग्लंडात. गाडीपुढे माणसाने पायी चालले पाहिजे, ही जाचक अट त्या देशात १८९६ साली रद्द झाली आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी चौदा मैल झाली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची फेरी निघाली. १९२७ साली त्याच फेरीचे स्मरण म्हणून जुन्या गाड्या पुन्हा त्या मार्गाने नेण्यात आल्या. तोवर अशा गाड्या म्हणजे अडगळ आणि थट्टेचा विषय होत्या. फेरीत सामील झालेल्यांना मात्र ही अडगळ राखली पाहिजे असे वाटू लागले, आणि १९३० साली ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. लंडन-ब्रायटनच्या फेरीत १९०५ पूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. आपल्या देशात ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी सुरू केली, आणि राजवाड्यांच्या पागांतून व गोदामांतून विस्मृत गाड्या बाहेर पडू लागल्या.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. गाडी १९०५ पूर्वीची हे ठरवावयाचे कसे? इंजिन एका गाडीचे, चाके दुसरीचे, अंग तिसरीचे, असे कित्येकदा घडलेले असते. मालकाची आठवण भरवशाची नसते, कागदपत्रे गहाळ झालेली असतात. अशा वेळी जुने छायाचित्र पुढे येते. लग्नाच्या वरातीत, सहलीत, वाड्याच्या दारात सहज काढलेल्या चित्रात दिव्यांची जागा, चाकांचे आरे, मडगार्डचा वळसा, नंबराची पाटी स्पष्ट दिसते. लार्तीगच्या चित्राचे वय यंत्र जाणणाऱ्यांनी सांगितले होते; येथे यंत्राचे वय छायाचित्र सांगते. ज्याने ते काढले त्याला गाडीचा दाखला ठेवावयाचा नव्हता, आप्तांची आठवण ठेवावयाची होती. त्याच्या हौसेने पन्नास-शंभर वर्षांनी कारागिराला वाट दाखविली.

म्हणूनच जाणता मालक छायाचित्र दोन कारणांनी काढतो. एक, गाडी सुंदर दिसते म्हणून. त्यासाठी तो सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहतो, कारण भर दुपारच्या उन्हात पत्र्यावर झगझगीत डाग पडतात आणि अंगाची वळणे हरवतात. तो कॅमेरा दिव्यांच्या उंचीपर्यंत खाली आणतो, आणि नाक व एक बाजू दोन्ही दिसतील असा तिरका उभा राहतो. रंगविलेला पत्रा हा आरसाच असल्यामुळे त्यात विजेचा खांब किंवा आपलीच छाया उमटत नाही ना, हेही तो पाहतो. दुसरे कारण कामाचे. इंजिन खोलण्यापूर्वी प्रत्येक नळी, प्रत्येक तार आणि प्रत्येक बोल्ट कोठे होता, याचे तो चित्र घेतो; म्हणजे जुळविताना अंदाजावर विसंबावे लागत नाही. पहिल्या प्रकारचे चित्र भिंतीवर लागते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर तेलाचे बोट उमटलेले असते, आणि गाडी पुढच्या पिढीस पोहोचते ती बहुधा त्याच्याच बळावर.

२०२१ च्या जुलैत भारत सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासांहून अधिक वर्षे झालेले, आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यांत ‘व्हिंटेज’ ठरते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि ते रोजच्या वापरास न नेता प्रदर्शन, फेरी किंवा देखभाल अशा कामांपुरतेच रस्त्यावर आणता येते. ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांत सगळा वाद आहे. गाडी इतकी चकचकीत करावी की ती कारखान्यातून निघाली तेव्हाही तशी नव्हती, हा एक पक्ष. झिजलेले चामडे, फिकटलेला रंग हा तिच्या आयुष्याचा लेख आहे, तो पुसू नये, हा दुसरा. पहिल्या पक्षाला बक्षिसे लवकर मिळतात. परंतु एकदा खरवडून टाकलेला मूळ रंग पुन्हा लावता येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक वजनदार वाटते. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना एकदाच असतो.

संस्थानी काळातील मोटारींची छायाचित्रे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. मागच्या आसनावर महाराज असतात, कधी शिकारीचा सरंजाम असतो, आणि चाकावर किंवा बॉनेटपाशी एक मनुष्य ताठ उभा असतो. चित्राखाली गाडीची जात लिहिलेली असते, महाराजांचे नाव लिहिलेले असते. त्या माणसाचे नाव सहसा नसते. परदेशातून सुटा भाग येण्यास महिने लागत त्या काळात गाव-लोहाराच्या भात्यावर त्याने कोणता भाग घडविला, कोणत्या घाटात कोणती युक्ती योजली, याची नोंद कोणी केली नाही. गाड्या संग्रहालयांत आल्या, त्यांचे आकडे ग्रंथांत गेले. त्यांना चालते ठेवणारी विद्या मात्र त्या माणसांबरोबरच पुष्कळशी नाहीशी झाली. आज जुनी गाडी दुरुस्त करणारा वृद्ध मिस्त्री जेथे कोठे काम करीत असेल, तेथे गाडीबरोबर त्याच्या हातांचेही छायाचित्र घ्यावे, त्याचे नाव आणि त्याची रीत टिपून ठेवावी. ही मागणी भावनेपोटी केलेली नाही. जी गाडी कशी चालते हे सांगणारा कोणी उरला नाही, ती गाडी कितीही चकाकली तरी पत्र्याची मूर्तीच होय.

१८८८ साली कॅमेऱ्याने जे आश्वासन दिले, ते आज मोटार देते. नव्या गाडीत कळ दाबली की इंजिन चालू होते. बॉनेटखाली आच्छादने असतात, दोष शोधण्यास संगणक लावावा लागतो, आणि बाकीचे कंपनीचे लोक पाहून घेतात. हे सुख खोटे नाही; मोडलेल्या मनगटांचा काळ कोणालाही परत यावासा वाटणार नाही. कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आला आहे. परंतु गाडीशी ओळख करून घेण्याचा रस्ता बंद झालेला नाही. टायरमधली हवा स्वतः पाहता येते, तेलाची काडी काढून तेलाचा रंग पाहता येतो, आवाज बदलला तर थांबून ऐकता येते. प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि चित्र एका वहीत ठेवता येते. पन्नास वर्षांनी एखादा अनोळखी कारागीर त्या गाडीपुढे बसेल, तेव्हा तिचा मालक कोण होता यापेक्षा ती वही त्याच्या अधिक उपयोगी पडेल.